व्हँपायरचं कॅसेटचं दुकान

ल्यूसी नावाची एक घटस्फोटित बाई आपल्या नव्या मालकाला रात्री घरी जेवायला बोलावते. दार थोरला मुलगा मायकेल उघडतो. पाहुणा मध्यमवयीन, चष्मा लावलेला, हसतमुख. पण तो उंबऱ्याबाहेरच थांबतो. या घरातला कर्ता पुरुष आता तू, तेव्हा तू बोलावल्याखेरीज मी आत यायचा नाही, असं मोठ्या अदबीनं सांगतो. मायकेल 'या' म्हणतो. धाकट्या सॅमला आणि त्याच्या दोन दोस्तांना या माणसाचा दाट संशय असतो. ते त्याच्या ताटात किसलेल्या चीजच्या नावाखाली लसूण वाढतात, अंगावर चर्चमधलं मंतरलेलं पाणी सांडतात, तोंडासमोर आरसा धरतात. लसणानं त्याला काही होत नाही, पाण्यानं कातडी भाजत नाही, आरशात चेहरा नीट दिसतो. तिन्ही परीक्षांत पाहुणा पास होतो. पोरांची फजिती होते आणि आईच्या संध्याकाळचा विचका.

आणि तरीही तो व्हँपायरच असतो. साधासुधा नव्हे, सगळ्या टोळीचा म्होरक्या. शेवटी तो स्वतःच खुलासा करतो: घरच्या माणसानं एकदा आपणहून आत घेतलं की मग लसूण, पाणी, आरसा यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. (चाळीसेक वर्षांच्या सिनेमाचं रहस्य फोडलं म्हणून कोणी रागावू नये.)

सिनेमाचं नाव 'द लॉस्ट बॉईज'. ३१ जुलै १९८७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला, जोएल शूमाकर यांनी दिग्दर्शित केलेला वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट. आणि या म्होरक्याचा, मॅक्सचा, धंदा काय? त्याचा डोंगरावर किल्ला नाही, दाराशी काळी घोडागाडी नाही. त्याचं व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देण्याचं दुकान आहे. गावातल्या समुद्रकाठच्या जत्रेला लागूनच, दिव्यांनी लखलखणारं, टीव्हींच्या पडद्यांनी भरलेलं. ल्यूसीला नोकरी मिळते ती याच दुकानात. मोटारसायकलवर फिरणारी तरुण पोरांची टोळी दुकानात शिरते तेव्हा मॅक्स त्यांना हाकलतो, पुन्हा इथं पाऊल टाकू नका म्हणतो. पहिल्यांदा पाहताना तो आपल्याला सज्जन, थोडा भित्रा दुकानदार वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना कळतं, की बाप आपल्या वाया गेलेल्या पोरांना दटावतोय.

या 'दुसऱ्यांदा'मध्येच सगळी गोम आहे. १९८७ साली थिएटरात गेलेला माणूस सिनेमा सहसा एकदाच पाहायचा. कॅसेट आणणारा पोरगा शुक्रवारी रात्री पाहायचा, शनिवारी मित्रांना जमवून पाहायचा आणि रविवारी दुकानात परत देण्याआधी आवडते तुकडे मागेपुढे करून पुन्हा पाहायचा. 'द लॉस्ट बॉईज'नं थिएटरांत चांगला धंदा केला. सुमारे ८५ लाख डॉलरच्या खर्चावर अमेरिकेत सव्वातीन कोटींच्या आसपास. फायदा झाला, पण त्या वर्षीच्या मोठ्या चित्रपटांच्या रांगेत त्याला कोणी बसवलं नाही. त्याला आज जी भक्तमंडळी आहे ती नंतर, घराघरांतल्या टीव्हीसमोर तयार झाली. दुकानदार व्हँपायर जसा घरच्यांच्या आमंत्रणानं आत शिरला, तसाच हा सिनेमाही. लेखकांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण त्या काळाची नाडी त्यांच्या हाताला बरोबर लागली होती.

आमंत्रणाचा नियम तसा जुना. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला'त तो स्पष्ट आहे: घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय व्हँपायरला पहिल्यांदा आत येता येत नाही. गंमत म्हणजे उन्हात जळून मरण्याचा नियम स्टोकरचा नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. सूर्यप्रकाशानं व्हँपायरचा अंत करण्याची सोय १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटानं लावून दिली, आणि पुढे ती सगळ्यांनी उचलली. म्हणजे व्हँपायरचे नियम दर पिढी आपल्या गरजेप्रमाणे वाकवत आली आहे. ऐंशीच्या दशकानं त्यात दोन गोष्टी घातल्या. व्हँपायरला तरुण केलं आणि त्याला चामड्याचं जाकीट दिलं.

ही तरुणाई कुठून आली, त्याची मूळ कल्पना फार छान आहे. 'लॉस्ट बॉईज' हे नाव जे. एम. बॅरींच्या 'पीटर पॅन'मधलं. तिथं ही कधीही मोठी न होणारी पोरं, रात्री उडत येणारी, आईच्या शोधात असलेली. जॅनिस फिशर आणि जेम्स जेरेमायस या पटकथाकारांना प्रश्न पडला, की जो मुलगा कधी वाढत नाही, रात्रीच दिसतो आणि उडतो, तो दुसरा कोण असणार? त्यांनी लिहिलेली पटकथा लहान मुलांची होती आणि ती रिचर्ड डॉनर दिग्दर्शित करणार होते. डॉनर 'लीथल वेपन'कडे वळले आणि काम शूमाकरांकडे आलं. शूमाकर मूळचे वेशभूषाकार. पोरांचे व्हँपायर त्यांना रुचेनात. त्यांनी सगळ्यांची वयं वाढवली आणि जेफ्री बोम यांच्याकडून पटकथा नव्यानं लिहून घेतली. परीकथेच्या जागी कानात डूल, लांब केस, मोटारसायकली आणि रॉक संगीत आलं. टोळीचा नायक डेव्हिड झाला कीफर सदरलँड, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. मायकेलच्या भूमिकेत जेसन पॅट्रिक, सॅमच्या भूमिकेत कोरी हेम. व्हँपायर मारण्याची कंत्राटं घेतल्याच्या आविर्भावात वावरणारे कॉमिक्सच्या दुकानातले दोन भाऊ, कोरी फेल्डमन आणि जेमिसन न्यूलँडर. या भावांची नावं एडगर आणि ॲलन. एडगर ॲलन पोला केलेला तो नमस्कार. हेम आणि फेल्डमन इथं पहिल्यांदा एकत्र आले आणि पुढची काही वर्षं 'दोन कोरी' म्हणून अमेरिकी पोरीबाळींच्या भिंतींवर झळकले.

बॅरीचा सांगाडा मात्र आत तसाच राहिला. मॅक्सला रक्त हवंच आहे, पण त्याहून जास्त त्याला आपल्या पोरांसाठी आई हवी आहे. म्हणून तो ल्यूसीच्या मागे लागतो. भयपटाच्या पोटात एका मोडलेल्या घराची गोष्ट आहे. घटस्फोटानंतर बाप दूर, आई नोकरीच्या शोधात, मुलांना आजोबांच्या आडगावच्या घरात आणून टाकलेलं, थोरला पोरगा रात्री उशिरा घरी येतो, दिवसभर झोपतो, काळा चष्मा काढत नाही, कुणाशी बोलत नाही. त्याला व्यसन लागलंय की तो व्हँपायर होतोय? डेव्हिड त्याला बाटलीतून काहीतरी पाजतो, टोळीची पोरं त्याच्या नावाचा पुकारा करत राहतात, आणि तो पितो. आईबापांनी हे दृश्य पाहिलं असेल तर त्यांना सुळ्यांपेक्षा त्या बाटलीचीच भीती वाटली असेल.

आता दुकानाकडे वळू, कारण ते समजल्याशिवाय हा सिनेमा पोरांपर्यंत कसा पोचला ते कळत नाही.

सोनीनं १९७५ साली बेटामॅक्स आणलं, जेव्हीसीनं पुढच्या वर्षी जपानात व्हीएचएस. १९७७मध्ये आंद्रे ब्ले नावाच्या उद्योजकानं ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून ५० चित्रपटांचे हक्क घेऊन त्यांच्या कॅसेट विकायला काढल्या. त्या महाग होत्या. त्याच वर्षाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या विल्शर बुलेव्हार्डवर जॉर्ज ॲटकिन्सननं एक छोटं दुकान थाटलं आणि त्या कॅसेट विकण्याऐवजी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडं दिवसाला दहा डॉलर. स्टुडिओंना हे अजिबात आवडलं नाही, पण त्यांचे हात बांधलेले होते. अमेरिकी कायद्याप्रमाणे एखाद्या कृतीची प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरचा विक्रेत्याचा ताबा संपतो. घेणारा ती वाचो, विको वा भाड्यानं देवो. पुस्तकांच्या वाचनालयांना आधार देणारं हेच तत्त्व कॅसेटच्या दुकानांनाही मिळालं. हॉलीवूडच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे व्हीसीआरची तुलना एकट्या बाईच्या घरात शिरणाऱ्या कुप्रसिद्ध खुन्याशी केली होती. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूनं निकाल दिला, की घरी पाहण्यासाठी टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. १९८० साली शंभरातल्या जेमतेम एका अमेरिकी घरात व्हीसीआर होता. 'द लॉस्ट बॉईज'ची कॅसेट आली तोवर निम्म्याहून अधिक घरांत होता. ज्याला खुनी म्हटलं त्याच व्हिडिओकडून त्या दशकाच्या उत्तरार्धात हॉलीवूडला थिएटरांपेक्षा जास्त पैसा मिळू लागला.

पैशाचं गणित कॅसेटच्या किमतीत होतं. नव्या चित्रपटाची कॅसेट बहुधा ८० ते ९० डॉलरला निघायची. एवढे पैसे घरचा माणूस देणार नाही, दुकानदार देईल आणि दोन-तीन डॉलर भाड्यानं वसूल करेल, असा हिशोब. थेट गिऱ्हाइकाला विकायच्या मोजक्या कॅसेट वेगळ्या, स्वस्त. 'टॉप गन' १९८७मध्ये २६.९५ डॉलरला आणि 'ई.टी.' १९८८मध्ये २४.९५ला आली. बाकी सगळ्यांचं नशीब दुकानाच्या फळीवर ठरायचं. फळीवर उभी राहिलेली खोकी हीच जाहिरात. आणि भयपटाइतकं खोक्यावर शोभणारं दुसरं काही नसतं. सुळे, लाल डोळे आणि चार देखणी तोंडं, आणखी काय पाहिजे?

त्यात आणखी एक पळवाट होती. 'द लॉस्ट बॉईज'ला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र होतं. सतरा वर्षांखालच्यानं थिएटरात मोठ्या माणसाला बरोबर न्यायचं. १९८४मध्ये 'पीजी-१३' ही मधली पायरी तयार झाली होती, पण या सिनेमाला ती मिळाली नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी तो काढला, त्यातल्या अर्ध्याअधिक मुलांना थिएटरच्या दारात अडवायचे. कॅसेटला दारवान नसतो. कुणाच्या तरी मोठ्या भावानं आणलेली, मित्राच्या घरातल्या तळघरात लावलेली कॅसेट वय विचारत नाही. 'किशोरवयीन भयपट' हा प्रकार त्या दशकात एवढा फोफावला त्यामागे, माझ्या मते, पटकथाकारांपेक्षा या तळघरांचं कर्तृत्व मोठं आहे.

दाराबाहेर राहिलेल्यांची ही गोष्ट आपल्याकडेही घडली, निराळ्या भुतांच्या बाबतीत. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि त्यामागोमाग व्हीसीआर आले. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं ते एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेट भाड्यानं आणायचे. मुंबईच्या रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'सारख्या चित्रपटांवर 'ए'ची मोहोर असल्यानं थिएटरात शाळकरी पोरांना मज्जाव. व्हिडिओ लायब्ररीत तसलं काही नव्हतं. रामसेंनी १९९०मध्ये 'बंद दरवाजा' हा अस्सल रक्तपिपासूचा चित्रपटही काढला. पण मराठी वाचकाकडे पाश्चात्त्य व्हँपायर त्याआधीच पुस्तकातून आला होता. नारायण धारपांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे, आणि तिथंही अख्खं गाव पोखरलं जातं ते एकेका घरात हळूच शिरूनच.

कॅसेटनं सिनेमा घरी आणला, पण तो अख्खा आणला नाही. ही बाब तपशिलात सांगण्यासारखी आहे.

छायाचित्रकार मायकेल चॅपमन. 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल' ज्यांनी टिपले ते. त्यांनी 'द लॉस्ट बॉईज' रुंद पॅनाव्हिजन चौकटीत चित्रित केला. रुंदी उंचीच्या जवळजवळ दोन पूर्णांक चार दशांश पट. त्या काळचा टीव्ही होता चारास तीन, म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वा-दीड पटीच्या मध्ये. सिनेमा पूर्ण उंचीनं टीव्हीवर बसवायचा तर बाजूचं जवळजवळ ४४ टक्के चित्र कापावं लागतं. हे काम करणारा तंत्रज्ञ प्रत्येक दृश्यात ठरवतो, की यातलं महत्त्वाचं कोण, आणि चौकट तिकडे सरकवतो. टोळीची चार पोरं एका रांगेत उभी असली की त्यातली दोन गायब. दोघांचं संभाषण एकाच चौकटीत रंगलेलं असलं की तिथं नसलेला काप घालून एकदा हा, एकदा तो. ज्या पोरांनी हा सिनेमा वीस-वीस वेळा पाहिला, त्यांनी खरं तर त्याचा जेमतेम अर्धा भाग वीस वेळा पाहिला.

रंगाचं तर आणखी मजेदार. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. ती सावकाश सरकते, आणि तिरपं बसवलेलं चुंबकी डोकं तिच्यावरून अमेरिकी पद्धतीत मिनिटाला १८०० फेऱ्या मारत फितीवर तिरप्या रेघा वाचतं. डोकं इतक्या वेगानं फिरतं म्हणूनच दोन तासांचा सिनेमा मुठीत मावणाऱ्या फितीत बसतो. पण फितीवर जागा तोकडी. त्यामुळे चित्राच्या उजेड-अंधाराला बऱ्यापैकी वाटा मिळतो, म्हणजे आडव्या दिशेत २४० रेघांच्या आसपास तपशील, आणि रंगाला त्याच्या कितीतरी कमी. परिणाम असा, की रंग आपल्या वस्तूच्या हद्दीत राहत नाही, शेजारी पसरतो. लाल सगळ्यात जास्त पसरतो. रक्तपटासाठी यापेक्षा योग्य दोष शोधून सापडला नसता. ओठांवरचं रक्त हनुवटीवर, हनुवटीवरचं हवेत. अंधाराचं उलट: काळ्यात बारीक मुंग्या वळवळतात. टोळीच्या अड्ड्यावरची, गुहेतली दृश्यं कॅसेटवर पाहिलेल्यांना तिथं धुकं होतं असं वाटतं. त्यातलं थोडं धुकं चॅपमनचं, बाकीचं फितीचं.

एकाच दृश्यावर चित्र थांबवून धरलं, की फिरतं डोकं फितीच्या त्याच दोन-चार रेघांवर घासत राहतं. म्हणून भाड्याच्या कॅसेटवर लोकांच्या आवडीच्या जागा ओळखू यायच्या, तिथं चित्र झिजून पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या. या सिनेमाच्या कॅसेटवर अशी जागा बहुधा चिनी जेवणाचीच असणार. डेव्हिड मायकेलला भाताचा डबा देतो आणि खाता खाता म्हणतो, अळ्या कशा लागतायत? मायकेल खाली बघतो तर डब्यात अळ्या वळवळतायत. पुन्हा बघतो तर भात. असलं दृश्य एकदा पाहून समाधान होत नाही, मित्राला दाखवावंच लागतं.

त्याची प्रत काढणं मात्र सोपं राहिलं नव्हतं. १९८५पासून 'मॅक्रोव्हिजन' नावाची युक्ती कॅसेटवर येऊ लागली. दोन चित्रांच्या मधल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या मोकळ्या जागेत खोटे तेजस्वी झटके भरायचे. टीव्हीला त्याचं काही वाटत नाही. पण दुसरा व्हीसीआर प्रत काढताना उजेडाची पातळी आपोआप जुळवायला जातो, त्या झटक्यांनी फसतो, आणि नक्कल कधी काळवंडते, कधी फिकटते. आपल्याकडे ज्यांच्या घरी अमेरिकेतल्या काका-मामांनी कॅसेट आणल्या त्यांची अडचण वेगळीच होती. अमेरिकेची एनटीएससी पद्धत ५२५ रेघांची, आपली पाल ६२५ रेघांची. साध्या व्हीसीआरवर काकांची भेट म्हणजे नुसत्या आडव्या पट्ट्या. आणि पाल कॅसेटवर सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चित्रं धावत असल्यानं ९७ मिनिटांचा 'द लॉस्ट बॉईज' सुमारे ९३ मिनिटांत संपतो, तोही आवाज किंचित चढा करून. ब्रिटनमधल्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं कीफर सदरलँडचा घोगरा आवाज एक सूत बारीकच ऐकला.

गाव मात्र खरं आहे. सिनेमातलं 'सँटा कार्ला' म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं सँटा क्रूझ. तिथली समुद्रकाठची जत्रा १९०७पासूनची, घोड्यांचा फिरता पाळणा १९११चा, 'जायंट डिपर' हा लाकडी रोलरकोस्टर १९२४चा. १९७०च्या दशकाच्या आरंभी या परिसरात तीन वेगवेगळ्या खुन्यांनी एकामागोमाग एक माणसं मारली होती. सिनेमात गावाच्या स्वागताच्या फलकामागे कुणीतरी 'खुनांची जागतिक राजधानी' असं रंगवून ठेवलंय त्याला ही पार्श्वभूमी आहे. टोळीचा अड्डा म्हणजे १९०६च्या भूकंपात जमिनीत गडप झालेलं हॉटेल. ते काल्पनिक. पण चित्रीकरणात वापरलेलं कॉमिक्सचं दुकान खरं होतं, आणि १७ ऑक्टोबर १९८९च्या खऱ्या भूकंपात ती इमारत गेली. दुकान दुसरीकडे उभं राहिलं.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका व्हँपायरपटाचं नाव घेतल्याशिवाय हे पुरं होत नाही. ऑक्टोबर १९८७मध्ये कॅथरीन बिगेलो यांचा 'निअर डार्क' आला. गोष्ट जवळपास तीच. एका तरुणाला एक मुलगी आवडते, तो तिच्या भटक्या टोळीत ओढला जातो, रक्त प्यायचं की नाही हा पेच. पण इथं जत्रा नाही, विनोद नाही. अमेरिकेच्या मधल्या राज्यांतले रुक्ष रस्ते, काचांना काळे कागद चिकटवलेल्या मोटारी, आणि 'व्हँपायर' हा शब्द एकदाही नाही. वितरक कंपनी तेव्हा बुडत होती, थिएटरांत चित्रपट पडला. त्यालाही जीवदान कॅसेटनंच दिलं. त्याच्या दोन वर्षं आधीचा टॉम हॉलंडचा 'फ्राइट नाइट' याच घराण्यातला, शेजारी व्हँपायर राहायला आलाय हे कुणालाच पटवून देता न येणाऱ्या मुलाची गोष्ट. सिनेमा म्हणून मला या तिघांत 'निअर डार्क' सरस वाटतो. त्यातली दारूच्या गुत्त्यातली कत्तल आजही अंगावर येते. पण कॅसेट म्हणून 'द लॉस्ट बॉईज'ला तोड नाही. तो मध्येच लावला तरी चालतो, मध्येच थांबवला तरी चालतो, गाणी आहेत, टिंगल आहे, आणि दर दहा मिनिटांनी मित्राला कोपर मारून 'आता बघ' म्हणण्याजोगं काहीतरी आहे. 'निअर डार्क' एकट्यानं पाहायचा. हा घोळक्यानं.

सिनेमातल्या आजोबांच्या घरात टीव्ही नाही, ही मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट. त्यांच्याकडे टीव्हीच्या कार्यक्रमांची माहिती देणारं मासिक असतं. ते वाचलं की टीव्ही लागतो कशाला, असं त्यांचं म्हणणं. सॅम हबकतो, टीव्ही नाही म्हणजे एमटीव्ही नाही! मेलेले प्राणी भुसा भरून ठेवण्याचा छंद असलेला हा विक्षिप्त म्हातारा शेवटी मोठमोठे लाकडी खांब लादलेली जीप भिंत फोडून घरात घुसवतो आणि व्हिडिओ दुकानाच्या मालकाचा निकाल लावतो. मग शांतपणे फ्रिज उघडून बाटली काढतो, आणि या गावात व्हँपायर फार झालेत, एवढीच काय ती तक्रार नोंदवतो. म्हणजे त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

पुढचं चटकन सांगतो. शूमाकरांनी पुढचा भाग कधी केला नाही. २००८ आणि २०१०मध्ये दोन उत्तरार्ध निघाले, ते थिएटरांत न जाता थेट डिस्कवर आले, आणि तिथंच राहिले हे बरं झालं. कोरी हेम २०१०च्या मार्चमध्ये अवघ्या ३८व्या वर्षी गेला. मॅक्स झालेले एडवर्ड हरमन २०१४मध्ये, शूमाकर २०२०मध्ये. कॅसेटच्या दुकानांची सर्वांत मोठी साखळी असलेल्या ब्लॉकबस्टरनं २०१०मध्ये दिवाळं काढलं. जपानच्या फुनाईनं शेवटचे व्हीसीआर बनवणं जुलै २०१६मध्ये थांबवलं. सिनेमा मात्र आहे. सँटा क्रूझच्या वाळूत उन्हाळ्यात मोठा पडदा लावून तो फुकट दाखवतात, मागे तोच जायंट डिपर.

तुम्हाला पाहायचाच असेल तर २०२२मध्ये आलेली फोर-के आवृत्ती शोधा, नाहीतर निदान रुंद चौकटीतली कोणतीही. चौघांची टोळी चौघांचीच दिसेल, समुद्रावरून सरपटत जत्रेकडे येणारी सुरुवातीची उडती दृश्यं काय ताकदीची आहेत ते कळेल, आणि गुहेतला काळोख मुंग्यांशिवाय काळा दिसेल. जमल्यास दोनदा पाहा, दुसऱ्यांदा नजर फक्त मॅक्सवर ठेवा. घरातली शाळकरी पोरं सोबत बसणार असतील, तर 'आर' प्रमाणपत्र उगाच दिलेलं नाही एवढं ध्यानात असू द्या. टीव्हीच्या दाराशी अजूनही कोणी वय विचारत नाही, ते काम तुमचं.